पंजी-पंजी आली, आता काय? ऑनलाइन पोकर टूर्नामेंटमध्ये लहान जोडी कशी खेळायची

कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका मित्राच्या गच्चीवर दर रविवारी संध्याकाळी आम्ही दहा-बारा जण जमतो. प्रत्येकाच्या हातात आपापला मोबाइल, मधे चहाची किटली, आणि फुकटच्या चिप्सवर चालणारी आमचीच एक छोटी टूर्नामेंट. आणखी दहा-बारा जण घरूनच जॉइन होतात, कुणी इचलकरंजीतून, कुणी गडहिंग्लजहून. नवीन आलेला जवळजवळ प्रत्येक जण एकाच ठिकाणी अडखळतो. हातात पंजी-पंजी किंवा चार-चार आले की चेहरा खुलतो, आणि दहा मिनिटांत चिप्स संपलेल्या असतात.

याचं मूळ आपल्या तीन पत्तीत आहे. गणपतीच्या जागरणात, लग्नाच्या आदल्या रात्री आपण सगळे तीन पत्ती बघत, खेळत मोठे झालो. तिथे जोडी म्हणजे खरंच चांगला हात. तीन पानांत शंभरातल्या साधारण ७४ वेळा काहीच जमत नाही, नुसतं वरचं पान असतं. त्यामुळे दुर्रीची जोडीसुद्धा तिथे बहुतेकांना मारते. टेक्सास होल्डेममध्ये मात्र प्रत्येकाकडे दोन स्वतःची आणि पाच टेबलावरची (आधी तीन एकदम, तो फ्लॉप; मग चौथं टर्न, पाचवं रिव्हर) अशी सात पानं असतात, त्यांतली उत्तम पाच धरायची. शेवटपर्यंत गेलं तर शंभरातल्या जेमतेम १७ वेळा माणसाकडे जोडीसुद्धा नसते. म्हणजे तीन पत्तीत जी जोडी जिंकून देते, ती इथे शेवटी बहुतेकांकडे असते आणि तुमची त्यात सगळ्यात लहान. ही एक सवय मोडली की निम्मं काम झालं. बाकी निम्म्यासाठी हा लेख.

एक गोष्ट खेळाच्या आधी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम, पोकर आणि रमीसकट, देशभर बंद केले. परदेशी साइटवर चोरवाटेने पैसे टाकून खेळणाऱ्यांच्या नादी लागू नका. पैसे अडकले तर दाद मागायला जागा राहत नाही. घरात पैसे लावून बसणं हाही आपल्याकडे जुगार प्रतिबंधक कायद्याचा विषय आहे. पुढे जे लिहितोय ते सगळं फुकटच्या चिप्सच्या टूर्नामेंटसाठी. आमच्यात महिन्याचा गुणतक्ता असतो, पहिल्या चौघांना १०, ६, ४ आणि २ गुण. तेवढ्यासाठी लोक जीव तोडून खेळतात.

लहान जोडी म्हणजे मी २-२ पासून ६-६ पर्यंत धरतो. ७-७ आणि ८-८ थोड्या वेगळ्या वागतात, त्या आत्ता बाजूला ठेवू.

पायरी १ : पानांच्या आधी चिप्स मोजा

प्रत्येक हाताआधी दोघांना सक्तीने चिप्स भराव्या लागतात, लहान रक्कम तो स्मॉल ब्लाइंड, मोठी तो बिग ब्लाइंड. तुमच्या चिप्सना बिग ब्लाइंडने भागा. ५,००० चिप्स आणि ब्लाइंड २५/५० असेल तर तुमच्याकडे १०० ब्लाइंड. तासाभराने त्याच ५,००० चिप्स असतील आणि ब्लाइंड २५०/५०० झाले असतील तर फक्त १०. हातातली पंजी-पंजी तीच, पण हे दोन वेगळे हात आहेत. पहिल्या वेळी ती स्वस्तात फ्लॉप बघून सेट (जोडीला तिसरं पान) शोधायचा हात आहे, दुसऱ्या वेळी ती सगळं पुढे सारायचा हात आहे, आणि या दोन्हींच्या मधे असाल तर बहुतेक वेळा ती टाकून द्यायचा हात आहे.

माझं साधं गणित असं: ३० च्या वर म्हणजे मोकळा श्वास, १५ ते ३० म्हणजे अडचणीचा पट्टा, १२ च्या खाली म्हणजे ऑल-इन (सगळं पुढे) किंवा फोल्ड (पानं टाकायची). १२ ते १५ मध्ये टेबल बघून ठरवायचं. पान उघडायच्या आधी हा आकडा मनात तयार पाहिजे. ॲपवर विचार करायला पंधरा-वीस सेकंदच मिळतात. जोडी बघितल्यावर भागाकार करायला बसलात तर बोट आपोआप कॉलवर, म्हणजे समोरच्याएवढ्याच चिप्स भरण्यावर, जातं.

पायरी २ : किंमत बघा

इथे जरा निवांत बसू, कारण चिप्स सगळ्यात जास्त इथेच जातात.

हातात जोडी असताना फ्लॉपच्या तीन पानांत तुमचं तिसरं पान येऊन सेट किंवा त्याहून भारी काही लागण्याची शक्यता ११.८ टक्के. म्हणजे साडेआठ वेळांत एकदा. एकदा लागेल, साडेसात वेळा लागणार नाही. आणि न लागल्यावर परिस्थिती काय असते बघा: हातात ५-५ असेल तर शंभरातल्या ९८ वेळा फ्लॉपवर पंजीपेक्षा मोठं निदान एक पान पडतंच. २-२ असेल तर प्रत्येक वेळी. त्यामुळे मोठ्या स्टॅकवर (चिप्सच्या ढिगावर) लहान जोडी कॉल करताना तुम्ही जोडी खेळत नसता. तुम्ही सेटचं तिकीट काढत असता, आणि तिकिटाची किंमत परवडते का एवढाच प्रश्न असतो.

समजा कॉल करायला २५० चिप्स लागतात. साडेसात वेळा हे २५० जाणार, म्हणजे १,८७५. ज्या एका वेळी सेट लागेल त्या वेळी निदान एवढे तरी परत यायला हवेत. पण सेट लागला तरी समोरचा प्रत्येक वेळी पैसे मोजत नाही. कधी त्याच्याकडे काहीच नसतं आणि तो लगेच पानं टाकतो. कधी त्याचा फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) पुरा होतो आणि सेट असूनही तुम्ही हरता. म्हणून नुसती साडेसातपट पुरत नाही. दहापट पण मला कमी वाटते. नवीन माणसाला मी सांगतो, कॉलच्या निदान पंधरापट चिप्स मागे असल्या पाहिजेत, वीसपट असल्या तर उत्तम.

आणि या चिप्स मोजताना तुमचा स्टॅक आणि समोरच्याचा स्टॅक, यातला जो लहान तो धरायचा. तुमच्याकडे ८,००० असतील, पण रेज करणाऱ्याकडे (बोली वाढवणाऱ्याकडे) एकूण १,२०० असतील तर सेट लागूनही त्याच्याकडून आणखी ९५० च मिळणार. २५० चं तिकीट काढून जास्तीत जास्त ९५० मिळणार असतील तर तो सौदा तोट्याचा. ही चूक नवीन माणूस हमखास करतो, कारण त्याला फक्त स्वतःचा ढीग दिसत असतो.

एक हात जसाच्या तसा सांगतो. ब्लाइंड ५०/१००, माझ्याकडे ५,२००. बटणाच्या (वाटणाऱ्याची, फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी खेळायची जागा) एक जागा आधी, कटऑफवर, मी. पानं आली पंजी किलवर आणि पंजी बदाम. सगळ्यात पहिल्या जागेवरून आमच्यातल्या एकाने २५० रेज केलं. तो उद्यमनगरात लेथवर काम करतो, हात मोजून खेळतो, पहिल्या जागेवरून उगाच रेज करत नाही. त्याच्याकडे ६,०००. मधल्या एकाने कॉल केलं. माझा हिशोब: ५,२०० भागिले २५०, जवळपास एकवीसपट. कॉल. स्मॉल ब्लाइंडने सोडलं, बिग ब्लाइंडने १५० आणखी भरले. पॉट, म्हणजे मधे जमलेल्या चिप्स, १,०५०.

फ्लॉप: राजा बदाम, नव्वी चौकट, पंजी इस्पिक.

त्याने ६०० लावले, मधल्याने सोडलं. माझ्या गच्चीवरच्या दोन मित्रांनी नंतर विचारलं की शांतपणे कॉल करून त्याला पुढे येऊ का दिलं नाहीस. कारण त्याच्याकडे राजा असण्याची शक्यता मला मोठी वाटत होती, आणि राजावाला आत्ता पैसे मोजायला तयार आहे. टर्नवर एक्का पडला किंवा टेबलावर सरळ रांग दिसायला लागली तर तोच माणूस घाबरून थांबेल. मी १,६०० केले. बिग ब्लाइंडने सोडलं, त्याने कॉल केलं. पॉट ४,२५०. टर्नवर दुर्री किलवर. त्याने चेक केलं (काही न लावता पाळी पुढे दिली), मी उरलेले ३,३५० पुढे सारले. त्याने बराच विचार करून कॉल केलं आणि एक्का-राजा दाखवला. त्या क्षणी गड्डीतलं एकही पान त्याला वाचवू शकत नव्हतं, कारण आणखी एक राजा आला असता तर माझं फुल हाउस (तीन पंज्या, दोन राजे) झालं असतं. रिव्हरला अठ्ठी आली आणि माझ्याकडे १०,९५० झाले.

आता याच हातात फ्लॉपवर पंजीऐवजी चौकटची अठ्ठी पडली असती तर? त्याने ६०० लावले असते, मी पानं टाकली असती, २५० गेले असते. साडेआठपैकी साडेसात वेळा हेच होतं. तो कंटाळवाणा भाग नीट खेळता आला तरच वरचा हात कामाचा.

किमतीबद्दल आणखी काही गोष्टी पटापट. तुमच्या मागे बसलेल्यांपैकी कुणी पुन्हा रेज केलं आणि २५० चे ८०० झाले तर तुमची पट साडेसहावर आली, सोडा. म्हणून शेवटच्या जागांवरून लहान जोडी खेळणं सोपं, तिथे मागे रेज करायला माणसंच कमी असतात. पहिल्या दोन-तीन जागांवरून २-२ ते ४-४ मी नवीन माणसाला सरळ टाकायला सांगतो, ४० ब्लाइंड असले तरी. रेज कुणी केलंय तेही बघा: पहिल्या जागेवरच्या सावध खेळाडूकडे खरा हात असतो, तो सेटला पैसे मोजतो. बटणावरून काहीही घेऊन रेज करणाऱ्याकडे फ्लॉपनंतर बहुतेक वेळा काहीच नसतं, तो लगेच पळतो, त्यामुळे त्याच्याविरुद्ध तुमचं तिकीट महाग पडतं.

फुकटच्या चिप्सच्या टेबलावर तीन-चार जण नुसते १०० भरून आत येतात, रेज कुणी करत नाही. अशा वेळी शेवटच्या जागांवरून तुम्हीही १०० भरा. बावन्नपट स्टॅक आहे, पाच जण पॉटमध्ये आहेत, सेट लागला तर कुणा ना कुणाकडे काहीतरी असतंच. फक्त लागला नाही तर एकही चिप आणखी टाकायची नाही.

पायरी ३ : सेट लागला नाही तेव्हा

पॉटमध्ये तीन किंवा जास्त माणसं असतील तर चेक करा, कुणी लावलं की सोडा. यात विचार करण्यासारखं काही नाही.

समोर एकच माणूस असेल आणि फ्लॉपआधी रेज तुम्ही केलं असेल तर एकदा छोटी बेट लावायला हरकत नाही, पॉटच्या एक तृतीयांश वगैरे. राजा-सत्ती-दुर्रीसारख्या कोरड्या फ्लॉपवर ती बऱ्याचदा चालते. कॉल आला की तिथेच थांबायचं. जोडी असल्यावर टर्न आणि रिव्हरला मिळून तुमच्या उपयोगाची फक्त दोन पानं गड्डीत असतात. पुढच्या पानाला ती येण्याची शक्यता साधारण चार टक्के. त्या दोन पानांसाठी दोन मोठ्या बेट कॉल करत जाणं ही मी स्वतः सुरुवातीला सगळ्यात जास्त वेळा केलेली चूक. ९-७-२ असा फ्लॉप, हातात ४-४, मनात येतं की एक्का-राजा घेऊन बसला असेल. मग टर्नला कॉल, रिव्हरला कॉल, आणि समोरून नव्वी-दश्शी निघते. त्या हातात माझे दोन तृतीयांश चिप्स गेले होते. आजही ९-७-२ बघितलं की तो हात आठवतो.

आणखी एक प्रसंग, ज्यात नवीन माणसाला ॲपने फसवलं असं वाटतं. तुमच्याकडे ४-४, समोरच्याकडे एक्का-राणी. टेबलावर पाच पानं आली: ९, ९, २, गुलाम, गुलाम. तुम्ही म्हणता, माझी जोडी आहे, त्याच्याकडे नुसता एक्का. पण उत्तम पाच पानं लावून बघा. तुमची होतात गुलाम-गुलाम-नव्वी-नव्वी आणि चार. त्याची होतात गुलाम-गुलाम-नव्वी-नव्वी आणि एक्का. टेबलावरच दोन मोठ्या जोड्या आल्या की तुमची जोडी मोजलीच जात नाही, त्यातलं एक पान फक्त पाचवं पान म्हणून उरतं. जोडी जितकी लहान तितकं हे जास्त वेळा होतं. म्हणून टेबलावर एक मोठी जोडी दिसली की ४-४ ची किंमत मनातल्या मनात आणखी खाली आणा.

पायरी ४ : सेट लागला तेव्हा

लावा. लगेच लावा. नवीन माणसाला वाटतं, एवढं लपलेलं घबाड मिळालंय तर समोरच्याला हळूहळू ओढू. पण या पातळीवरचे लोक कॉल करायला आलेले असतात. राजा, किलवरची चार पानं, मधली जोडी, सगळं घेऊन ते कॉल करतात. तुम्ही चेक केलंत की त्यांना फुकट पान मिळतं आणि तुमचा पॉट लहान राहतो. फ्लॉपवर एकाच रंगाची दोन पानं असतील किंवा ८-७-६ सारखी लागोपाठ पानं असतील तर बेट मोठी ठेवा, पॉटच्या दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश.

समोर मोठा सेट असेल का, याची काळजी करत बसू नका. ते इतकं क्वचित होतं की त्या भीतीने सेट टाकणारा माणूस त्याहून कितीतरी जास्त गमावतो. झालंच तर झालं, चिप्स गेल्या, पुढच्या रविवारी पुन्हा बसू.

मधला पट्टा

१५ ते ३० ब्लाइंडमध्ये लहान जोडी फार फसवते. २० ब्लाइंड आहेत, कुणीतरी सव्वादोन ब्लाइंड रेज केलं, तुम्ही कॉल करताय. पट किती? नऊसुद्धा नाही. सेट लागला तरी हिशोब जुळत नाही, न लागला तर दहावा हिस्सा गेला. तसे चार कॉल केले की तुम्ही थेट ऑल-इनच्या पट्ट्यात येता. म्हणून इथे कुणी रेज केलं की २-२ ते ५-५ सोडा. ६-६ घेऊन शेवटच्या जागेवरच्या रेजवर ऑल-इन जाता येतं, पण समोरचा सोडू शकणारा आहे अशी खात्री असेल तरच.

अपवाद बिग ब्लाइंडचा. तिथे एक ब्लाइंड आधीच गेलेलं असतं. समोरच्याने दुप्पट केलं तर तुम्हाला फक्त एकच आणखी भरायचं असतं, १९ मागे असतात. एकोणीसपट. कॉल करा, फ्लॉप बघा, नाही लागला तर सोडा. आणि तुमच्या आधी सगळ्यांनी पानं टाकली असतील आणि तुम्ही बटणावर किंवा कटऑफवर असाल तर स्वतः छोटं रेज करा. बऱ्याचदा ब्लाइंडच हातात येतात.

पायरी ५ : १२ च्या खाली

इथे लहान जोडीला पुन्हा धार येते. पण एका अटीवर: ऑल-इन आधी तुम्ही गेला पाहिजेत. दुसऱ्याच्या ऑल-इनला कॉल करणं आणि स्वतः आधी जाणं यात केवढा फरक पडतो ते आकड्यात दाखवतो.

ब्लाइंड ५००/१,०००, वर बिग ब्लाइंडची १,००० अँटी (हाताआधीची आणखी एक सक्तीची रक्कम). म्हणजे पानं वाटतानाच मधे २,५०० पडलेत. तुमच्याकडे ९,०००, तुम्ही बटणावर, हातात ३-३, तुमच्या आधी सगळ्यांनी सोडलं. सगळं पुढे सारा. समजा दोघेही ब्लाइंड शंभरातल्या साठ वेळा सोडतात: तेव्हा काही न दाखवता २,५०० मिळतात, स्टॅक पावपटीहून जास्त वाढतो. उरलेल्या चाळीस वेळा, समजा बिग ब्लाइंड कॉल करतो आणि तुमची जिंकण्याची शक्यता सरासरी ४० टक्के आहे. पॉट १९,५००, त्यातला तुमचा वाटा ७,८००, घातले ९,०००, म्हणजे १,२०० चं नुकसान. सगळं एकत्र धरलं तर साठ वेळांचे सरासरी दीड हजार वजा चाळीस वेळांचे ४८०. प्रत्येक वेळी साधारण हजार चिप्सचा, एका पूर्ण ब्लाइंडचा फायदा.

कॉल आल्यावर काय होतं? समोर दोन मोठी वेगळी पानं असतील, एक्का-राजा वगैरे, तर तुम्ही किंचित पुढे असता, ५२ ते ५५ टक्के. मात्र २-२ समोर एकाच रंगाची गुलाम-दश्शी आली तर तुम्ही जरा मागे पडता, कारण त्यांना रांग आणि फ्लश दोन्ही वाटा मोकळ्या असतात. आणि समोर मोठी जोडी असेल तर शंभरातल्या साधारण १९ वेळाच वाचता. लास व्हेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत ४-४ शेवटच्या हातात हरलेत त्यांतली दोन उदाहरणं बघा, या दोन्ही गोष्टी त्यांत दिसतात. १९९० मध्ये मन्सूर मतलुबीच्या ६-६ समोर हान्स लुंडचे ४-४ पडले. २०१५ मध्ये जो मॅककीहनच्या एक्का-दश्शीसमोर जॉश बेकलीचे ४-४ हातात असताना थोडे पुढे होते, टेबलावर दश्शी आली आणि संपलं. जगातली सगळ्यात मोठी स्पर्धा नाण्याच्या एका बाजूवर ठरू शकते, तर रविवारच्या गच्चीवर एक फ्लिप हरलो म्हणून चिडायचं कारण नाही. चिप्स बरोबर वेळी आत गेल्या का, एवढंच तपासा.

आता उलटा प्रसंग. पहिल्या जागेवरून सावध माणूस ऑल-इन गेला, तुमच्याकडे ३-३. तुम्ही कॉल केलंत तर त्याच्या सोडण्यातून मिळणारे २,५०० तुमच्या हिशोबातून गेले. उरतं काय? त्याच्याकडे मोठी पानं असली तर जेमतेम निम्मं, मोठी जोडी असली तर पाचात एक. सोडा. बटणावरच्या बेफिकीर माणसाने ९,००० पुढे सारले आणि तुम्ही बिग ब्लाइंडमध्ये असाल तर गोष्ट वेगळी: ८,००० भरून १९,५०० चा पॉट, म्हणजे ४१ टक्के पुरतात, आणि काहीही घेऊन पुढे सारणाऱ्याविरुद्ध ३-३ ला सरासरी तेवढे मिळतात.

फुकटच्या चिप्सच्या टेबलावर लोक जास्त कॉल करतात, मग आधी ऑल-इन जाण्याचा काय उपयोग, असं मला नेहमी विचारतात. उपयोग राहतो, फक्त कमी. जो माणूस नव्वी-सत्ती घेऊन कॉल करतो त्याच्याविरुद्ध ३-३ जवळपास बरोबरीत असते, आणि मधल्या पडलेल्या चिप्स तुमच्या बाजूने असतात. पण तुम्ही जास्त वेळा बाहेर पडाल, हे धरून चाला. पहिल्या जागांवरून, मागे सात-आठ जण बसलेले असताना, १० ब्लाइंडवर मी २-२ ते ४-४ टाकतो. इतक्यांत कुणाकडे तरी मोठी जोडी निघण्याची भीती तिथे खरी असते.

बबलवर

बबल म्हणजे बक्षिसाच्या अगदी एक जागा अलीकडे. आमच्यात चौघांना गुण. पाच जण उरले की टेबल एकदम शांत होतं, गच्चीवर चहासुद्धा कुणी ओतत नाही. समजा दोघांकडे दोन-दोन ब्लाइंड राहिलेत, तुमच्याकडे १४, आणि ज्याच्याकडे ५० आहेत तो ऑल-इन गेला. हातात ५-५. सोडा. गमावलेल्या चिप्स तुम्हाला शून्य गुणांवर नेतात, मिळवलेल्या चिप्स तुम्हाला दुप्पट गुण देत नाहीत. ते दोन लहान स्टॅक पुढच्या दहा हातांत बहुधा आपोआप पडणार आहेत. याच जागी मोठा स्टॅक तुमचा असेल तर ५-५ घेऊन स्वतः ऑल-इन जा, कारण आता सोडायची पाळी त्यांच्यावर आहे.

घरी करायचा सराव

घरातली पत्त्यांची कॅट घ्या. दोन पंज्या काढून बाजूला ठेवा. उरलेली पन्नास पानं नीट पिसा आणि वरची तीन उघडा. पंजी आहे का? कागदावर खूण करा. पुन्हा पिसा, पुन्हा तीन. असं पन्नास वेळा. सरासरी सहाच्या आसपास खुणा यायला हव्यात, पण माझ्या पहिल्या पन्नासात नऊ आल्या आणि दुसऱ्या पन्नासात तीन. त्या तीनच्या वेळी मधे लागोपाठ तेवीस वेळा पंजी आली नाही. हाताने पिसून, डोळ्यांनी बघितलं की मग ॲपवर सलग पंधरा वेळा सेट चुकला तरी गोंधळायला होत नाही.

सोबत हाही हिशोब वहीत लिहून ठेवा. २-२ ते ६-६ यातली कुठलीही जोडी साधारण ४४ हातांत एकदा येते. तिचा फ्लॉपवर सेट व्हायला साडेआठ वेळा थांबायचं, म्हणजे सुमारे ३७५ हात. आमच्या रविवारच्या टूर्नामेंटमध्ये शेवटपर्यंत टिकलो तर सव्वाशेच्या आसपास हात होतात. लहान जोडीचा सेट तीन रविवारांतून एकदा.

वहीत प्रत्येक लहान जोडीसाठी चार गोष्टी टिपा: किती ब्लाइंड होते, कुठल्या जागेवर होतो, कॉलच्या कितीपट मागे होतं, आणि काय केलं. जिंकलो की हरलो ते लिहू नका. महिनाभराने वही उघडली की पंधरापटीपेक्षा कमीवर केलेले कॉल एका नजरेत दिसतात. माझ्या पहिल्या महिन्यात असे अकरा होते. तिसऱ्या महिन्यात दोन.